आई, तू राहू दे

गेल्या शनिवारची गोष्ट. महिन्याचं सामान घेऊन आम्ही घरी आलो, गाडी पार्किंगमध्ये लावली, डिकी उघडली आणि आईने कणकेच्या पाच किलोच्या पिशवीला हात घातला. लगेच तीन दिशांनी एकच वाक्य आलं. बायको म्हणाली, "आई, तुम्ही राहू द्या." बाबा म्हणाले, "अगं राहू दे, तो घेईल." आणि खुर्चीत बसलेला सोसायटीचा वॉचमनसुद्धा अर्धवट उठून म्हणाला, "आजी, राहू द्या, मी घेतो." (एरवी हा गृहस्थ आलेलं पार्सल घ्यायलाही उठत नाही.) मी मात्र गप्प राहिलो. दीड वर्षापूर्वी सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो असतो.

आजचा लेख या 'राहू दे'वर आहे. माझ्या मते हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला आपण प्रेमाने देतो त्या सगळ्या सल्ल्यांमध्ये हा सगळ्यात वाईट सल्ला. एकेकाळी मीही तो भरभरून दिलेला आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलतोय.

आईचं वय ६६. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "डेक्सा केलीय का कधी?" नव्हती केली. केली, तर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर आला उणे २.८. ज्यांच्या घरात हा आकडा अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तरुण निरोगी माणसाच्या हाडांची सरासरी घनता म्हणजे शून्य, त्यापेक्षा तुम्ही किती खाली आहात ते हा स्कोअर सांगतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेलात की ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखलेली ही रेघ आहे. आई रेघेच्या पलीकडे होती.

मग काय, घरात आणीबाणीच जाहीर झाली. आठवड्याची गोळी सुरू झाली, कॅल्शियम सुरू झालं, ड जीवनसत्त्व सुरू झालं. हे सगळं बरोबरच होतं. पण त्याच्या जोडीला आम्ही एक फतवाही काढला. आईने बादली उचलायची नाही. गादी उचलायची नाही. कुकर भरलेला असेल तर उचलायचा नाही. माळ्यावरचं काही काढायचं नाही. खाली बसायचं नाही. भाजीची पिशवी बाबांनी आणायची. थोडक्यात, ज्या बाईने चाळीस वर्षं घर अंगावर झेललं होतं तिला आम्ही काचेच्या कपाटातली बरणी करून टाकलं. आणि एवढं करून स्वतःवर खूशही होतो.

सहा महिन्यांनी एका नातेवाइकांकडे सत्यनारायण होता. आरती झाली, सगळे उठले, आई उठेना. सतरंजीवर बसली होती ती गुडघ्यावर आली, एक हात जमिनीवर, एक हात हवेत, आणि तिथेच अडकली. मी आणि ताईने दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. ती हसली, "पाय बधिर झाला गं," म्हणाली. घरी येताना गाडीत मात्र एक शब्द बोलली नाही. पाय बधिर झाला नव्हता हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही.

त्या रात्री मी वाचायला बसलो. (आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी लॉग बघायचे असतात. मी इतके दिवस न बघताच पॅच मारत होतो.)

हाड म्हणजे भिंतीतली वीट नाही. ते जिवंत असतं आणि त्याची सतत दुरुस्ती चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड खणून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या नवीन भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो. खणणं काही आठवड्यांत होतं, भरायला मात्र महिने लागतात. भरायचं किती आणि कुठे, हे ठरतं त्या हाडावर किती भार येतो यावरून. हाडाच्या आत रुतून बसलेल्या पेशी हा भार ओळखतात आणि तसा निरोप पाठवतात. युलियस वुल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ साली हे तत्त्व मांडलं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच. उलट, अंतराळात भार शून्य असतो, त्यामुळे व्यायामाची पुरेशी सोय नसताना तिथे राहिलेल्या अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होत असे.

आपल्या लोकांना कळेल असं सांगायचं तर हे सरळ सरळ ऑटोस्केलिंग आहे. रिक्वेस्ट येणं बंद झालं की सिस्टिम सर्व्हर बंद करत जाते. तिला वाटतं, गरजच नाही तर पैसे कशाला जाळायचे? पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, पहिल्या काही वर्षांत खणणाऱ्या पेशी जोरात चालतात, म्हणजे सर्व्हर आधीच भराभर कमी होत असतात. आणि नेमक्या त्याच काळात आपण उरलेलं ट्रॅफिकही प्रेमाने बंद करतो. "आई, तू राहू दे."

आता पुणेकर म्हणणार, "पण आमची आई रोज चालते की!"

चालते. माझीही चालायची. पुण्यात सकाळचं चालणं हा धर्म आहे. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, सारसबाग, कमला नेहरू पार्क... सहा वाजता गेलात तर अर्धं पेन्शनर पुणं पांढरे बूट घालून तिथे भेटतं. याला नावं ठेवायची माझी टाप नाही. हृदयाला, साखरेला, झोपेला आणि (मुख्य म्हणजे) गप्पांना चालणं उत्तमच. पण हाडांचं म्हणाल तर सपाट रस्त्यावर रमतगमत चालणं हाडाला नवीन काहीच सांगत नाही. तो भार त्याला गेली साठ वर्षं ओळखीचा आहे. अभ्यासांमध्ये नुसत्या चालण्याचा परिणाम मणक्याच्या घनतेवर जवळजवळ दिसत नाही, खुब्याजवळ दिसलाच तर थोडासा. पोहण्याचंही तेच. पाणी तुम्हाला उचलून धरतं, हाडांना सुट्टी. त्यामानाने पर्वतीच्या १०३ पायऱ्या बऱ्या, निदान स्वतःचं वजन पायरीगणिक वर ढकलावं तरी लागतं. (उतरताना कठडा धरा. हे आईला सांगून थकलोय.)

चालण्यानंतर पुण्याचा दुसरा धर्म म्हणजे योगासनं आणि सूर्यनमस्कार. इथे मी जरा जपून लिहितो, कारण उद्या कॉमेंट्समध्ये तलवारी निघतील :)

सूर्यनमस्कार घरोघरी नेण्यात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा वाटा फार मोठा. (आपलं विद्यापीठाजवळचं औंध नव्हे, साताऱ्याकडचं संस्थान.) शाळेत आम्हीही घातले, धडधाकट माणसाने जरूर घालावेत. पण त्यात कमरेतून पूर्ण वाकून हात जमिनीला टेकवायचे असतात, आणि मणके ठिसूळ झालेल्या माणसाने पाठीची कमान करून वाकणं ही नेमकी धोक्याची गोष्ट. मणक्याचा पुढचा भाग त्यात चेपला जातो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायका त्यात होत्या. नुसते पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ९ जणींपैकी ८ जणींचे मणके पुढच्या काळात आणखी चेपले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या २५ जणींपैकी फक्त ४ जणींचे. काहीच व्यायाम न करणाऱ्या ६ पैकी ४. संख्या लहान आहे, कबूल. तरी ९ पैकी ८ हा आकडा वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण आमची आई रोज सकाळी यूट्यूब लावून पश्चिमोत्तानासन करत होती आणि आम्ही "वा, काय लवचिक आहेस!" म्हणत होतो.

म्हणून योग बंद करा असं नाही. मागे ताणणारी सौम्य आसनं, भिंतीला हात ठेवून वृक्षासन, याचा फायदाच आहे. आणि आपल्याकडे तर बी. के. एस. अय्यंगार होऊन गेले. शिवाजीनगरची त्यांची संस्था १९७५ पासून आहे. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, भिंतीतले दोर यांच्या आधाराने आसन माणसाच्या मापाचं करायचं ही त्यांची जगाला देणगी. पुण्यात राहून एखाद्या जाणकार शिक्षकाला "मला ऑस्टिओपोरोसिस आहे" एवढं सांगायचे कष्ट न घेता मोबाईल बघून हलासन करणं म्हणजे कमालच झाली.

माझी कन्या शाळेत म्हातारीचं चित्र काढते तेव्हा काठी, अंबाडा आणि वाकलेली पाठ काढते. भोपळ्यात बसणारी म्हातारीही सगळ्या पुस्तकांत तशीच. आपण समजतो, वय झालं की पाठ वाकतेच. पण ती वाकलेली पाठ पुष्कळदा चेपलेल्या मणक्यांची असते. एकामागून एक मणके पुढून चेपत जातात, अनेकदा फारसं न दुखता, आणि घरातले म्हणतात आजी उंचीला कमी झाली. फ्रॅक्चर झालेलं आहे हे कुणाच्या गावीही नसतं. म्हणून "आमच्या आज्या विहिरीचं पाणी शेंदायच्या, जात्यावर दळायच्या, त्यांना कुठे होतं ऑस्टिओपोरोसिस" हे ऐकलं की मी विचारतो, आजीची पाठ कशी होती? पाणी शेंदण्याचा फायदा झालाच असेल, पण अर्धपोटी राहणं आणि एकामागून एक बाळंतपणं त्याच हाडांवर झाली होती.

मग करायचं काय? इथे मला आवडलेला एक प्रयोग सांगतो. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायकांवर तो झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ६५. त्यांचे दोन गट केले. एका गटाला घरच्या घरी हलका व्यायाम. दुसऱ्या गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चक्क जड वजनं! डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर बार ढकलणं आणि बारला लटकून खाली उडी मारणं. जड म्हणजे किती, तर एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून जास्त. आठ महिन्यांनी या गटाची मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. आणि दुखापती? सगळ्यांना वाटलं होतं बायकांची हाडं काडकाड मोडतील. एकीच्या कमरेत थोडी उसण भरली. बस्स.

हे वाचून कृपया आईला उद्या जिममध्ये नेऊन बार हातात देऊ नका. त्या बायकांचा पहिला महिना हलक्या वजनांवर नुसतं तंत्र शिकण्यात गेला होता, आणि प्रत्येक वेळी शिकवणारा माणूस समोर होता. ज्यांचे मणके आधीच चेपले आहेत त्यांचं गणित आणखी वेगळं. डॉक्टरांना विचारणं आलंच, गोळ्या परस्पर बंद करणं तर मुळीच नाही.

आम्ही एक फिजिओथेरपिस्ट शोधली. तिने पहिल्या दिवशी घर बघितलं, आईची पाठ बघितली आणि विचारलं, "बादली आहे?" जिच्यावर आम्ही बंदी घातली होती तीच बादली. तिच्यात चार लिटर पाणी भरलं आणि ती एका उंच स्टुलावर ठेवली, म्हणजे फार वाकावं लागू नये. पाठ सरळ ठेवून, कमरेच्या सांध्यातून झुकून, ढुंगण मागे नेऊन बादली उचलायची, उभं राहायचं, परत ठेवायची. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनाचा हिशोब फुकट. दोन आठवड्यांनी पाच लिटर. मग सहा. मग स्टूल गेलं, त्याच्या जागी बुटका पाट आला. जोडीला खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा वर करून त्या दाणकन खाली टेकवणं, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं.

हे शेवटचं हास्यास्पद वाटेल, पण खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर्स पडण्याने होतात. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात जातो. घनता कितीही असो, माणूस पडलाच नाही तर बरंचसं काम झालं. म्हणून आम्ही बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, पायपुसणी हलवली, रात्रीचा दिवा लावला. दारातले पेव्हर ब्लॉक मात्र महापालिकेच्या कृपेवर सोडले आहेत. आणि हो, दुचाकीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसणं बंद केलं. गाडी स्पीडब्रेकरवरून धाडकन गेली की पिळलेल्या पाठीवर तो सगळा दणका सरळ मणक्यात जातो. पुण्यातले स्पीडब्रेकर कोणत्या मापाने बनवतात हे ठाऊक असलेल्याला जास्त सांगायला नको.

पाच-सहा महिन्यांनी बादली पुरेना, म्हणून आई सोसायटीच्या जिममध्ये गेली. तिथला पहिला अडथळा हाडांचा नव्हता. ट्रेनर म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी ती सायकल." आई म्हणाली, "मला सायकल नको, ती दांडी पाहिजे." साडीवर करू की ड्रेसवर यावर दोन दिवस घरात चर्चा. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो या वयात कशाला, काहीतरी होऊन बसेल." काहीतरी होऊनच बसलं होतं, म्हणून तर आलो. आता मंगळवार-शुक्रवार ती जाते. वीस किलोचा बार आणि दोन्हीकडे अडीच-अडीच किलो.

नुकतीच पुन्हा डेक्सा केली. उणे २.७. उड्या मारू नका, एवढा फरक मशीनच्या चुकीतही जातो, शिवाय गोळीही चालू आहे. व्यायामाने घनता वाढली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गणपतीत ती जमिनीवर बसली आणि कुणाचाही हात न धरता उठली. त्याचा टी-स्कोअर नसतो.

तुम्ही-आम्ही तिशीतले लोक हे वाचून आईला फोन करणार आणि परत हिंजवडीच्या खुर्चीत दहा तास बसणार. हाडांची शिल्लक साधारण तिशीपर्यंतच जमा होते, पुढे नुसता खर्च. इथे पुण्यातच जहांगीर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत लहान मुलांच्या आणि बायकांच्या हाडांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. वस्तीतल्या शाळकरी मुलींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर हाडांचं काय होतं, याचा त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शाळकरी मुली का, तर भरणा करायचं वय तेच. आपला सूर्य एसी बसच्या पडद्याआड जातो आणि नाचणी फक्त कुणी आजारी पडलं की घरात येते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आयसीएमआरने २०२० साली मोठ्या माणसांसाठी दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम ठरवली, आधी ती ६०० होती. बाकी गणित तुम्हीच करा.

असो. पार्किंगमध्ये परत येतो. आईने तिघांकडेही दुर्लक्ष केलं, पाय थोडे फाकवले, पाठ सरळ ठेवून ती पिशवी छातीशी धरली आणि लिफ्टपर्यंत नेली. वॉचमनला म्हणाली, "याच्या पाचपट उचलते मी मंगळवारी. बस तू."

आता घरात प्रश्न बाबांचा आहे. वय ७१, कधी डेक्सा केलेली नाही. पुरुषांना हे होत नाही असं त्यांचं ठाम मत. खुबा मोडणाऱ्यांत तिसरा-चौथा माणूस पुरुष असतो, हे मी चार वेळा सांगून झालं. येत्या शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. काल म्हणाले, "आधी टेकडीवर जाऊन येतो, मग बघू."